दोनशे फुटांवरून

गाव वरून कसं दिसतं हे मला नोकरीभर ठाऊक होतं, पण कागदावर. सर्वेअरचं कामच तसं. पाय बांधावरच्या चिखलात, डोकं उन्हात, आणि हातात मात्र आभाळातून पाहिल्यासारखा जमिनीचा नकाशा. आमच्या मुलखातला जुना गाव नकाशा मैलाला आठ इंच या प्रमाणाचा. बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीचं शिवार त्यात बसतं: सर्व्हे नंबर, हिस्से, हद्दीचे दगड, विहिरी, गाडीवाटा आणि वळणं घेत निघालेली मार्कंडेय नदी. सगळं शाईच्या रेघांत. झाड असलं तर खुणेपुरतं, माणूस नाहीच. असे नकाशे वाचून, जुळवून, त्यांबरहुकूम जमिनी मोजून मी संसार केला. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मुलानं पुण्याहून येताना एक छोटा ड्रोन आणून माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून हा छंद लागला तो लागलाच.

आमच्या मोजणीची रीत जुन्या मुंबई इलाख्याची. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची पाहणी केली, तिथून ती बसत गेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानं तिचे नियम पक्के झाले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, दप्तराची भाषा बदलली, पण टिपण, आकारबंद, हिस्सा, फोडी हे शब्द कन्नड कागदांतही राहिले. एकाच नंबरचं दप्तर सोडलं तर तळाशी मोडी, मग बाळबोध, वर कन्नड. त्या कागदांचा मला अभिमान आहे. त्यातल्या एकेका मापामागं कुणीतरी वैशाखाच्या उन्हात साखळी ओढलेली आहे.

म्हणूनच ड्रोन पहिल्यांदा वर नेला तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला सगळं ओळखीचंच दिसणार. दिसलंही ओळखीचंच. तरीही मी बराच वेळ त्या छोट्या पडद्यावरनं नजर काढू शकलो नाही.

आधी नियमांचं सांगतो, कारण आमच्या भागात ते कटाक्षानं पाळावे लागतात. बेळगावच्या पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ, तिथंच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. शहरात छावणी आणि १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. कंग्राळीत पोलिस प्रशिक्षण शाळा. २५ ऑगस्ट २०२१ ला देशात नवे ड्रोन नियम आले, त्यांनी आभाळाचे हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे पाडले. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत मनाई. आठ ते बारा किलोमीटरच्या टापूत दोनशे फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडं चारशे फुटांपर्यंत. आमचं गाव त्या बारा किलोमीटरच्या आगंमागं येतं, म्हणून मी स्वतःला दोनशे फुटांची मर्यादा घालून घेतली आहे. उड्डाणाआधी सरकारी नकाशा उघडून बघतो. छावणीच्या नि पोलिस शाळेच्या बाजूला कॅमेऱ्याचं तोंडसुद्धा करत नाही. बेळगावचा किल्ला, त्यातली कमल बस्ती, भोवतालचा खंदक वरून किती देखणा दिसत असेल याची कल्पना करून थांबतो, कारण तो लष्करी हद्दीत आहे.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. ड्रोन चालवण्याचा परवाना अठरा ते पासष्ट या वयातच मिळतो. मी पासष्टी ओलांडली आहे. पण अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला असा परवाना लागत नाही, आणि माझा तेवढाच आहे. तळहातावर मावतो. त्याच्या वजनानं माझ्यापुरतं एक आभाळ मोकळं ठेवलं आहे, आणि मला ते पुरतं.

शिकवलं गल्लीतल्या एका पोरानं. तो लग्नाच्या वरातीचं, शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग करतो. "मामा, काडी जोरात ढकलू नका, नुसतं सांगा तिला," हे त्याचं पहिलं वाक्य. दोन अंगठ्यांखाली दोन काड्या: डावीनं वर-खाली आणि स्वतःभोवती फिरणं, उजवीनं पुढं-मागं आणि बाजूला. उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, मग उडायच्या जागेची नोंद होते आणि बॅटरी उतरली किंवा संपर्क तुटला तर तो आपसूक तिथं परत येतो. कॅमेरा एका हलत्या मानेवर बसवलेला असतो, त्यामुळं वाऱ्यानं यंत्र डुललं तरी चित्र स्थिर राहतं. बॅटरी अर्ध्या तासाच्या आतबाहेर. वारा पहाटे पडलेला असतो, तेव्हा उडवणं बरं. हे सगळं मला चटकन जमलं, आणि त्याचं कारण वय आहे असं माझं ठाम मत आहे. तरण्या पोरांचा अंगठा घाईचा असतो. माझा हळू सरकतो, त्यामुळं चित्रही धीरानं पुढं जातं. सूर्य वर यायची वाट बघत बांधावर तासभर बसायला आम्हा लोकांना काही वाटत नाही. उभा जन्म आम्ही अर्जदाराची, तलाठ्याची, लगतच्या कब्जेदाराची वाट बघत बांधावरच बसलो आहोत.

पण मला सांगायचं आहे ते बांधाबद्दल.

सुगीचे दिवस. भाताची कापणी अर्धी झालेली. सकाळी सातच्या सुमाराला ऊन तिरपं, आणि वीतभर उंचीच्या बांधाचीसुद्धा लांब सावली पडलेली. वरून पाहिलं तर सगळं शिवार सावल्यांनीच आखलेलं. कापलेल्या वावरात पेंढ्यांच्या ओळी, मधोमध खळं, कडेला गवतगंज्या. काही तुकड्यांत ओल धरून मसूर नि वाटाणा पेरला होता, तिथं हिरवी बारीक लव. माळाकडं तांबडी माती, तिच्यात बटाट्याच्या सरी. त्यात मला एक बांध दिसला. त्याचं टिपण माझ्या तोंडपाठ आहे, कारण त्या नंबरात मी स्वतः मोजणी केली होती. कागदावर ती रेघ एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सरळ आहे. आणि वरून बघतो तर बांधानं मध्येच पोट काढलेलं. एका जुन्या जांभळीला वळसा घालून तो पुढं गेलाय. रेघ बुंध्यातून जाते, बांध जात नाही. दोन्हीकडच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर तिथं थोडा अलीकडं वळवला, कारण दुपारची भाकरी दोन्ही घरं त्याच सावलीत खातात.

मोजणीच्या वेळी मी त्या झाडाखाली बसलो होतो, पाणी प्यालो होतो. तेव्हा ते मला अडचण म्हणून दिसलं होतं, साखळी सरळ जाईना म्हणून. आता दिसला तो दोन घरांमधला करार, कुठंही न लिहिलेला आणि सर्व्हेच्या दगडाइतकाच टिकलेला.

मग मी असे बांध शोधूच लागलो. कुठं म्हसोबाच्या शेंदरी दगडाला मान देऊन वाकलेला, कुठं विहिरीवर दोघांची पाळी असल्यानं तिच्या अंगाला दोन्हीकडनं वाट सोडलेला. काही बांध मात्र दोरीएवढे बारीक झालेत, दोन्हीकडनं कोरलेले. ते बघून पोटात कालवतं. कुणाच्या घरात भांडण चालू आहे हे दोनशे फुटांवरून कळतं.

आणि नदी. मार्कंडेय राकसकोपकडनं येते. तिथल्या धरणाचं पाणी १९६२ पासून बेळगाव पितं. पुढं हिंडलगा, आंबेवाडी, कंग्राळी, अलतगा करत ती निघते आणि गोकाककडं घटप्रभेला मिळते. काठानं चालताना तिचं पुढचं एखादं वळण तेवढं दिसतं, वरून वळणांची माळ दिसते. पिकायला आलेल्या भातात एक वाकडा पट्टा उशिरापर्यंत हिरवा राहतो, आजूबाजूचं शेत पिवळं पडलं तरी. नदी कधीकाळी तिथून वाहत असली पाहिजे. जमिनीखालच्या गाळात ओल टिकते आणि पीक ती सांगतं. ही खूण इंग्लंडात ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या माणसानं शास्त्राच्या पायरीला नेली. तोही नकाशा खात्यातलाच, तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला पुरातत्त्व अधिकारी. विमानातून काढलेल्या फोटोंत पिकाच्या रंगावरून त्यानं बुजलेले खंदक नि जुनी शेतं ओळखली आणि १९२८ साली त्यावर मोठं पुस्तक काढलं. मला त्या ओळखीचा प्रत्यय आमच्याच शिवारात आला. एका वावरात पिकाचा गडद गोल ठिपका दिसला, अगदी वर्तुळ. जुन्या नकाशात तिथं विहिरीची खूण आहे. विहीर बुजून इतकी वर्षं झाली की मालकाच्या पोरांना ती होती हेच माहीत नव्हतं. मी फोटो दाखवला तेव्हा त्यांचे वडील म्हणाले, "मोट हुती तिच्यावर. आम्ही पवायला शिकलो त्यात." मग पुढचा अर्धा तास ते मोटेबद्दलच बोलत राहिले.

फोटो दाखवणं हा या छंदाचा अर्धा भाग आहे. कट्ट्यावर मोबाईल फिरतो, आणि प्रत्येकाचं बोट आधी आपल्या तुकड्यावर जातं. कुणी घराचं कौलार शोधतं, कुणी गोठा. ज्यांनी जमीन विकली ते विकलेल्या तुकड्यावर बोट ठेवतात, आणि मग काही बोलत नाहीत.

आज्जींची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भावकीतल्या, नव्वदीच्या घरात. सुनेनं त्यांना मोबाईल दाखवला तर त्यांनी मला बोलावून घेतलं. "माझं म्हायेर दिसतंय काय रे ह्यात?" माहेर अलतग्याचं, नदीपलीकडं. मी दोन्ही गावं एका चौकटीत येतील असा फोटो काढून नेला. खाली कंग्राळी, मधे नदी नि पूल, वर अलतग्याची कौलं. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही गावांवर दोन बोटं ठेवली. अंगठा आणि तर्जनी, मधे टीचभर अंतर. "एवढंच हाय?" म्हणाल्या. "मग मला जायाला वरीस वरीस का लागत हुतं?" सून हसली, मला हसू आलं नाही. लावणी, भांगलण, सुगी, मळणी, पुन्हा पेर, पोरं, सासूची परवानगी, आणि पावसाळ्यात दोन्ही काठ सोडून गेलेलं पाणी. साखळीनं मोजलेलं अंतर मी त्यांना सांगू शकलो असतो. त्यांनी विचारलेलं अंतर ते नव्हतं. तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून त्यांना दिला. देवघराशेजारी लावला आहे.

असं असलं तरी एका बाबतीत मी हट्टी आहे. लोक येतात, म्हणतात, "सर्वेअर मामा, जरा आमचा बांध वरनं मोजून द्या की. त्यानं दोन फूट आत घेतलंय." मी नाही म्हणतो. एक कारण तांत्रिक आहे. असा फोटो म्हणजे मोजणी नव्हे. कॅमेरा जरासा तिरका असला की कडेच्या गोष्टी ताणल्या जातात, उंच झाड बाहेर झुकलेलं दिसतं, चढ-उतारानं अंतर बदलतं. सरकार ड्रोननं मोजणी करतं, नाही असं नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्रानं गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर गावठाणं अशी मोजली जाऊ लागली, कर्नाटकातही. पण तिथं जमिनीवर आधी चुन्यानं खुणा करतात, नेमके अक्षांश-रेखांश बांधतात, शेकडो फोटो एकमेकांवर बसवून त्यांचा तिरकेपणा काढतात, आणि मग माणूस जागेवर जाऊन पडताळतो. माझ्या खेळण्याएवढ्या यंत्राच्या फोटोवर कुणी कोर्टात जाऊ नये.

दुसरं कारण माझं स्वतःचं. जमिनीकडं बघताना 'ही कुणाची' हा प्रश्न मी आयुष्यभर विचारला. तो विचारण्याचा पगार घेतला आणि इमानानं घेतला. आता मला ती नुसती बघायची आहे. ज्या दिवशी मी एका भावाच्या बाजूनं फोटो काढून देईन, त्या दिवशी दुसरा भाऊ त्याच्या वावरावरनं माझा ड्रोन जाऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. आज मी उडवायच्या आधी ज्याचं त्याला विचारतो, अंगणावरनं नेत नाही, नदीवर बायका धुणं धूत असल्या तर त्या बाजूला फिरकत नाही. कुणीही मला अजून 'नको' म्हणालेलं नाही. हा विश्वास मोजणीच्या एका फोटोसाठी घालवायची माझी तयारी नाही. छंदाला उपयोग चिकटला की त्याची नोकरी होते, आणि मी ती करून चुकलो आहे.

गंमत अशी, की आभाळातून फोटो काढायची पहिली कल्पना मोजणीसाठीच निघाली. पॅरिसच्या नादार या छायाचित्रकारानं नकाशा नि मोजणीसाठी बलूनमधून फोटो काढण्याचं पेटंट घेतलं, आणि १८५८ मध्ये बलूनमधून फोटो काढून दाखवला. तो आज उरलेला नाही. उरलेल्यांत सगळ्यात जुना फोटो १८६० सालचा, बोस्टन शहराचा. पण मला जवळचा वाटतो तो जर्मनीतल्या क्रोनबर्गचा औषधवाला, युलियुस नॉयब्रोनर. कबुतरांकडून तो औषधं मागवायचा, पाठवायचा. त्यातलं एक कबूतर धुक्यात हरवलं आणि काही आठवड्यांनी परत आलं, तेही चांगलं खाऊनपिऊन. हे राहिलं कुठं, ही उत्सुकता त्याला स्वस्थ बसू देईना. त्यानं कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा, आपोआप फोटो घेणारा चिमुकला कॅमेरा केला. पेटंटचा अर्ज केला तेव्हा, १९०७ साली, त्याचं वय पंचावन्न होतं. काही फोटोंच्या दोन्ही कडांना कबुतराच्या पंखांची टोकं आलेली आहेत. आपल्याकडं नौदलाचे छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून मुंबई, महाराष्ट्राचे किल्ले, किनाऱ्यावरची दीपगृहं टिपली. त्या उंचीवर जायला त्यांना दाराशी बसून वाऱ्याशी झुंजावं लागे. मी बांधावर पाय रोवून ते सुख घेतो, याची मला जाणीव आहे.

वर आपण एकटे नसतो, हेही कळलं. घारी येतात. आधी वरून गोल घेऊन बघतात, मग जवळून जातात. घार आली की मी ड्रोन सरळ खाली घेतो. आभाळ तिचं आहे. नदीकाठच्या एका झाडावर तिचं घरटं आहे, पिल्लं उडून जाईपर्यंत त्या बाजूला जात नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र एक गोष्ट डोळ्यांना टोचते. मार्केट यार्डाच्या अंगानं शहर आमच्याकडं सरकतंय. भाताच्या वावरात एके दिवशी जेसीबी येतो, तांबड्या मुरमाचे सरळ रस्ते पडतात, पांढरे दगड लागतात. प्लॉटच्या रेघा नकाशासारख्याच सरळ, त्या कुठल्याही जांभळीला वळसा घालत नाहीत. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पोरांची शिक्षणं, आजारपणं, भाताला मिळणारा भाव, मला सगळं ठाऊक आहे. पण ज्या वावराचा असा सौदा झाल्याचं कानावर येतं, त्याचा शेवटच्या पिकातला फोटो मी मालकाला विचारून काढून ठेवतो. एकानं तो घेतला आणि मागच्या बाजूला बांधाशेजारच्यांची नावं लिहून ठेवली, चारी दिशांची, खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशी.

पावसाळ्यात उडवणं बंद. मृगाआधी बॅटऱ्या अर्ध्या भरून कपाटात ठेवतो, पूर्ण भरून ठेवल्या तर त्या फुगतात. तेवढ्यात वर्षाचे फोटो लावून घेतो: एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, धूळवाफ पेरणीच्या आधीचं तांबडं-काळं रान, नवरात्राच्या सुमाराचं पोटरीतलं भात, सुगी, मग मसूर. २०१९ च्या ऑगस्टात मार्कंडेय शिवारात शिरली तेव्हा माझ्याकडं हे यंत्र नव्हतं. पाणी कुठवर आलं होतं ते लोकांच्या तोंडून ऐकून मी फोटोवर पेन्सिलीनं रेघ मारतो आहे, घरोघर विचारून. दोन जागी म्हाताऱ्या माणसांची सांगणी जुळत नाहीत, तिथं दोन्ही रेघा ठेवल्या आहेत.

यंदा नदीचा कडोलीकडचा तुकडा घ्यायचा आहे. अलतग्याचा पूल ओलांडून पुढं चालत जायचं, मधे मधे उडवायचा. तिथले एक शेतकरी ओळखीचे आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "आत्ता भात उभं हाय, पाय ठेवायला जागा न्हाई. मळणी झाली की या. खळं मोकळं असतंय, तिथनं उडवा, आणि जेवूनच जावा." मळणी झाली की जाणार आहे.